जांघेतील खाज आणि आपला संकोच

चारचौघांत काढू नयेत असे काही विषय आपण मानतो. जांघेतील खाज हा त्यांपैकीच एक. परंतु या संकोचापायीच साधा विकार जुनाट होतो, म्हणून आज तो मुद्दाम घेतला आहे.

पुरुषांत ही खाज पुष्कळदा गजकर्णाची असते. ते रक्त बिघडल्याने होते, हा समज खरा नव्हे. ते एका बुरशीमुळे होते. कातडीच्या अगदी वरच्या मृत थरातील केरॅटिन हे तिचे अन्न. घाम, ऊब आणि घट्ट कपडा मिळाला की ती फोफावते. चट्ट्याची कड लाल व उंच, मध्य निवळलेला, ही तिची खूण. कित्येकदा तिचे मूळ पायाच्या बोटांच्या बेचक्यांत असते आणि चड्डी चढवताना ती वर येते.

आता होते काय? मनुष्य डॉक्टरकडे न जाता दुकानातून हळूच मलम आणतो. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. खाज दोन दिवसांत शमते. पण शमतो तो शरीराचा प्रतिकार, बुरशी नव्हे. पहारेकरी निजला म्हणून चोर गेला असे होत नाही. चट्टा पसरतो, कातडी पातळ होते, तिच्यावर कायमचे पट्टे उमटतात. म्हणूनच २०१८ साली भारत सरकारने अशी १४ स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला. शिवाय आज आपल्याकडे आढळणारी बुरशी टर्बिनाफीनसारख्या नेहमीच्या औषधालाही अनेकदा दाद देत नाही.

मग करावे काय? त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. कातडीचा किंचित कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशी दिसू शकते. खाज रात्री वाढत असेल व घरात इतरांनाही असेल, तर ती खरूज असू शकते. पुनःपुन्हा होत असेल, तर रक्तातील साखर तपासावी. चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस औषध पुरे करावे. अंग कोरडे पुसावे, सैल सुती कपडे वापरावेत, ते गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. पंचा वेगळा ठेवावा. आधी मोजे, मग चड्डी घालावी. घरात आणखी कुणाला गजकर्ण असेल, तर उपचार सर्वांनी एकदमच करावेत.

दाढ दुखली तर आपण साऱ्या गल्लीला सांगतो. जांघेतील खाज निदान डॉक्टरला तरी सांगावी.