डॅशबोर्डवरचा एबीएसचा पिवळा दिवा : पहिला ट्रक घेण्याआधी एवढं समजून घ्या



औरंगपुऱ्यातल्या कुठल्याही दुकानात जा. वह्या-पुस्तकं असोत, कपडे असोत, नाहीतर भांडी, यातला बहुतेक माल कधी ना कधी ट्रकमधून आलेला असतो. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांतून बाहेर पडणारा मालही ट्रकनेच जातो. त्यामुळे "सर, एक जुनी गाडी घेऊन ट्रान्सपोर्टमध्ये उतरायचंय" असं म्हणणारे तुमच्यापैकी बरेच जण आहेत.

गाडी बघताना आपण इंजिन ऐकतो, टायर बघतो, कागदपत्रं तपासतो. डॅशबोर्डवरच्या एबीएसच्या छोट्या पिवळ्या दिव्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. आज त्याच दिव्यामागची यंत्रणा समजून घेऊ. तुमचं भांडवल, ड्रायव्हरचा जीव आणि रस्त्यावरच्या लोकांचा जीव, तिन्ही त्याच्याशी जोडलेले आहेत.

चाक जाम झालं की काय होतं?

दहा टायरचा ट्रक मालासकट साधारण 28 टनांपर्यंत भरतो. त्याच वेगाने चाललेल्या एक टनाच्या कारपेक्षा त्याला थांबवायला 28 पट ऊर्जा जिरवावी लागते. वेग 40 वरून 80 वर गेला तर ही ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते.

आता अचानक समोर काही आलं आणि ड्रायव्हरने ब्रेकवर पूर्ण जोर दिला, तर चाक फिरायचं थांबतं आणि टायर रस्त्यावर घासत जातो. फिरणाऱ्या टायरची रस्त्यावर पकड असते, घसरणाऱ्या टायरची पकड कमी होते. पुढची चाकं जाम झाली तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. मागची जाम झाली तर गाडीचा मागचा भाग आडवा येतो. ट्रेलर असेल तर पुढचा घोडा आणि मागची ट्रॉली चाकूसारखे एकमेकांवर मिटतात.

आणखी एक गोष्ट बऱ्याच नव्या मालकांना माहीत नसते. रिकाम्या गाडीची मागची चाकं जास्त लवकर जाम होतात, कारण त्यांच्यावर वजनच नसतं. म्हणजे माल उतरवून परत येताना, त्यात पहिला पाऊस पडलेला असेल तर, धोका कमी होत नाही, उलट वाढतो.

एबीएस नेमकं काय करतं?

दुचाकीचं एबीएस तुम्हाला माहीत असेल. तिथे ब्रेक ऑइलवर चालतो, तर अवजड ट्रकचा ब्रेक हवेवर. इंजिनवरचा कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांमध्ये भरतो. ड्रायव्हरने पेडल दाबलं की ती हवा प्रत्येक चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये जाते, चेंबर दांडा ढकलतो आणि लायनर ड्रमवर दाबले जातात.

या व्यवस्थेत एबीएस तीन गोष्टी जोडतं.

1. सेन्सर : चाकाच्या हबवर दात असलेली एक रिंग बसवलेली असते. तिच्या अगदी जवळ लोहचुंबक आणि तारेची गुंडाळी असलेला सेन्सर असतो. दात समोरून गेले की सेन्सरमध्ये बारीक वीज तयार होते. त्यावरून चाकाचा वेग कळतो.

2. कंट्रोल युनिट : हा या यंत्रणेचा मेंदू. सगळ्या सेन्सरचे वेग तो सतत ताडून बघतो. गाडी पळतेय आणि एखाद्या चाकाचा वेग मात्र एकदम पडतोय, म्हणजे ते चाक जाम व्हायला आलंय, हे तो ओळखतो.

3. मॉड्युलेटर व्हॉल्व्ह : हा ब्रेक चेंबरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेवर बसतो. मेंदूने सांगितलं की तो हवा अडवतो, थोडी बाहेर सोडतो किंवा पुन्हा आत जाऊ देतो.

हे चक्र सेकंदाला काही वेळा चालतं. ब्रेक मारताना येणारा फुस्-फुस् आवाज याचाच असतो. चार सेन्सर आणि चार व्हॉल्व्ह असलेल्या रचनेला मेकॅनिक '4 एस 4 एम' म्हणतात.

हे तंत्र विमानांकडून आलं आणि 1981 पासून युरोपात अवजड ट्रकवर बसू लागलं. आपल्याकडे 2015 पासून ते नव्या अवजड ट्रक-बसना सक्तीचं होत गेलं. म्हणजे तुम्ही बघाल त्यातल्या बऱ्याच जुन्या गाड्यांवर ते असणारच. प्रश्न एवढाच की ते चालू आहे का?

एबीएस काय करत नाही?

गैरसमज इथेच होतात. एबीएस ब्रेकचा जोर वाढवत नाही. ते चाक फिरतं ठेवतं, म्हणजे ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग राहतं. सुट्या खडीवर तर एबीएसवाली गाडी थांबायला जास्त अंतर घेऊ शकते. झिजलेले लायनर, गुळगुळीत टायर, गळणारी हवा यांवर त्याच्याकडे काहीच इलाज नाही. उलट प्रत्येक चक्रात ते टाकीतली हवा खर्च करतं, म्हणून हवेची गळती आणखी महागात पडते.

घाटात तापलेल्या ब्रेकलाही ते वाचवू शकत नाही. पुण्यात कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार तुम्हाला माहीत असेल. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने 40 हून अधिक गाड्यांना धडक दिली. ब्रेक फेल झाला, असं सुरुवातीला सांगितलं गेलं. उतारावर इंजिन बंद केल्याची गोष्ट तपासात पुढे आल्याच्या बातम्या नंतर आल्या. इंजिन बंद केलं की इंजिनचा अडसर जातो, सगळा भार लायनरवर येतो, आणि कॉम्प्रेसर थांबल्यामुळे टाकीत नवी हवाही भरत नाही. दोन लिटर डिझेल वाचवायला गेलेला माणूस काय काय गमावून बसतो, याचा हिशोब तुम्हीच करा.

गाडी बघायला जाल तेव्हा

- चावी फिरवा. एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. काही गाड्यांत तो गाडी थोडी पुढे चालल्यावर विझतो.
- दिवा विझतच नसेल तर यंत्रणेत बिघाड आहे. साधा ब्रेक लागेल, पण त्या चाकांना एबीएसचं संरक्षण नाही.
- दिवा लागतच नसेल तर जास्त सावध व्हा. बल्ब काढलेला किंवा वायर तोडलेली असू शकते.
- टाक्या भरून इंजिन बंद करा आणि हवेच्या मीटरचा काटा किती भरभर उतरतो ते बघा.
- चाक जॅकवर उचलून हाताने फिरवायला सांगा आणि सेन्सरला मल्टिमीटर लावा. थोडा एसी व्होल्टेज दिसला पाहिजे. काहीच दिसत नसेल तर सेन्सर रिंगपासून लांब सरकलाय, बेअरिंग ढिलं आहे किंवा वायर तुटलीय.

बिघाड सापडला म्हणून लगेच गाडी सोडू नका. दुरुस्तीचं कोटेशन घ्या आणि तेवढी रक्कम भावातून कमी करून मागा.

"दिवा लागला तर काय, गाडी तर चालतेय!"

हे वाक्य तुम्ही ऐकणारच. पण धंद्याच्या नजरेने बघा. चाक घासत गेलं की टायरला एका जागी चपटा डाग पडतो आणि चांगला टायर बाद होतो. अपघात झाला तर गाडी उभी राहते, हप्ता मात्र थांबत नाही. ज्याच्या घरचा माणूस गेला, त्याचं नुकसान तर कुठल्याच वहीत मांडता येत नाही.

ड्रायव्हरलाही नीट समजावून सांगा. जुने ड्रायव्हर घसरणीवर पेडल मारत-सोडत ब्रेक लावतात. एबीएस असलेल्या गाडीत आणीबाणीच्या वेळी पेडल पूर्ण दाबून ठेवायचं आणि लक्ष स्टिअरिंगवर द्यायचं. मारत-सोडत राहिलं तर हवाही वाया जाते आणि एबीएसला कामही करता येत नाही.

ज्यांना ट्रक घ्यायचा नाही, पण वायरिंगचं किंवा फिटरचं काम येतं, त्यांनी यात आपला धंदा शोधावा. दिवा लागलेली गाडी घेऊन मालक कुठे जातो, दुरुस्तीला किती दिवस लागतात, हे वाळूजच्या गॅरेजवाल्यांना विचारा. जिथे लोक दिव्याचा बल्बच काढून टाकतात, तिथे तो दिवा नीट विझवून देणाऱ्या कारागिराला काम मिळेलच.

आजचा गृहपाठ : ओळखीच्या एका ट्रकमालकाकडे जा, चावी फिरवायला सांगा आणि दिवा बघा. लागून विझला, लागूनच राहिला की लागलाच नाही, हे वहीत लिहा. अशा दहा गाड्या बघितल्या की अकरावी गाडी विकत घेताना तुम्हाला कुणी सहज फसवू शकणार नाही.