दम लागल्यावरची जिद्द आधीच ठरवायची असते

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर धावायचं असतं आणि मुलींना 800 मीटर. एकूण 50 गुणांपैकी 20 गुण या एका धावेचे. ते पूर्ण मिळवायचे तर मुलाला 5 मिनिटं 10 सेकंदांत आणि मुलीला 2 मिनिटं 50 सेकंदांत अंतर संपवावं लागतं. धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा, कुठल्याही रस्त्याला पहाटे पळणारी पोरं-पोरी बहुतेक याच दोन आकड्यांच्या मागे असतात. ‘रोज रनिंग मारतोय, पण टायमिंग लागत नाही’ ही त्यांची नेहमीची तक्रार. ती खरी आहे. रोज एकाच वेगाने पाच-सहा किलोमीटर पळून दम टिकतो, वेग मात्र तिथेच राहतो. वेगासाठी इंटरव्हल करावी लागते, आणि इंटरव्हल हाच सरावातला सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग आहे.

इंटरव्हल म्हणजे ठरावीक अंतर वेगाने पळायचं, ठरावीक वेळ चालत किंवा हळू पळत दम घ्यायचा, आणि दम पुरता परत येण्याआधी पुन्हा पळायचं. पळायला लागल्याबरोबर शरीर लगेच जास्तीत जास्त प्राणवायू वापरायला लागत नाही. तिथवर पोहोचायला त्याला एक-दोन मिनिटं लागतात. एकदाच जीव तोडून पळालं तर त्या पातळीवर फार थोडा वेळ मिळतो. मधली विश्रांती मुद्दाम अपुरी ठेवली की पुढचा राउंड वरच्या पातळीवरूनच सुरू होतो. अशा पाच-सहा राउंडमध्ये हृदय आणि फुप्फुसं बराच वेळ पूर्ण ताकदीने काम करतात. काही आठवड्यांत हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं आणि पूर्वी छाती भरून आणणारा वेग सोसवू लागतो.

1930 च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर या प्रशिक्षकाने आणि हर्बर्ट राइंडेल या डॉक्टरने या पद्धतीला शास्त्राची शिस्त लावली. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने 1939 मध्ये 800 मीटर 1 मिनिट 46.6 सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. पुढे एमिल झाटोपेक 400 मीटरचे ढीगभर राउंड मारून तयार झाला आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये 5000 मीटर, 10,000 मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं घेऊन गेला.

मग माणसं इंटरव्हल का सोडतात? सहा राउंडचा सराव डोळ्यांपुढे आणा. पहिले दोन बरे जातात. तिसऱ्यात पोटऱ्या भरतात. चौथा सुरू करताना ‘आज झेपणार नाही, उद्या बघू’ असं मनात येतं. बहुतेक सराव इथेच मोडतो. आणि चौथा-पाचवा रेटून काढला, तर सहावा पुष्कळदा चौथ्यापेक्षा जोरात जातो. पायातली ताकद खरंच संपली असती तर हे झालं नसतं. महिनाअखेरपर्यंत पगार पुरवणाऱ्या घरासारखा मेंदू अजून किती उरलंय त्यावर आत्ता किती खर्चायचं ते ठरवत असतो. मध्यावर उरलेलं काम मोठं दिसतं, म्हणून तो हात आखडतो. शेवट दिसला की हात सैल सोडतो.

यावरून एक गोष्ट समजून घ्यायची. चौथ्या राउंडच्या आधी मन डळमळतं, त्याचा अर्थ जिद्द कमी आहे असा होत नाही. ते जवळपास प्रत्येकाचं होतं. त्या क्षणी जिद्द शोधत बसलं तर ती सापडत नाही. ती आदल्या रात्रीच ठरवून ठेवावी लागते, म्हणजे ऐन वेळी विचार करायचं काम उरत नाही. हे कसं करायचं, ते एकेक करून पाहू.

पहिलं काम आकड्यांचं. तुमचं आजचं 1600 मीटरचं टायमिंग घ्या आणि चारने भागा. 6 मिनिटं लागत असतील तर 400 मीटरला 90 सेकंद. हाच तुमच्या राउंडचा वेग. 5 मिनिटं 10 सेकंद गाठायला 400 मीटरला साडेसत्त्याहत्तर सेकंद लागतात हे खरं, पण आजच त्या वेगाने सुरुवात केली तर तिसऱ्या राउंडला सराव संपेल. वहीत लिहा: 400 मीटरचे सहा राउंड, प्रत्येकी 90 सेकंद, मध्ये दोन मिनिटं चालणं. सहाही राउंड सारख्या वेळेत निघू लागले की दोन सेकंद कमी करा. 800 मीटरच्या तयारीत असलेल्या मुलींनी 200 मीटरचे आठ राउंड घ्यावेत आणि वेग त्याच रीतीने, आजचं टायमिंग चारने भागून काढावा. मुक्काम 200 मीटरला साडेबेचाळीस सेकंदांचा.

दुसरं, त्याच पानावर एक ‘जर-तर’ लिहा. ‘जर चौथ्या राउंडला पाय जड झाले, तर मी फक्त पुढच्या 100 मीटरपुरता वेग धरेन.’ पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा आधी ठरवलेल्या ‘जर-तर’ बेतांचा अभ्यास केला. नुसतं ‘मी करणारच’ म्हणणाऱ्यांपेक्षा, कोणत्या क्षणी नेमकं काय करायचं हे ठरवून ठेवणारे लोक ठरलेलं काम जास्त वेळा तडीस नेतात, असं त्यातून दिसलं.

तिसरं, पहिला राउंड मुद्दाम आवरून पळा. उत्साहात पहिला 82 सेकंदांत काढला तर तिथे वाचवलेले आठ सेकंद पुढच्या राउंडला व्याजासह फेडावे लागतात. पहिला 91 चा चालेल, 85 चा चालणार नाही.

चौथं, राउंडचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला एकच काम द्या. पहिल्या 100 मीटरमध्ये वेग बसवायचा. दुसऱ्यात खांदे सैल सोडायचे, मुठी उघडायच्या. तिसरं शतक सर्वांत कठीण; तिथे पायांकडे लक्ष न देता हात चालू ठेवायचे, पाय हातांच्या मागे येतात. शेवटच्या शतकात नजर रेषेवर. स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत ही विभागणी मैदानच करून देतं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 3000 मीटरमध्ये 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या पार करतो. प्रत्येक अडथळा हे त्या घटकेचं पूर्ण काम. 2024 च्या जुलैमध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने 8 मिनिटं 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. म्हणजे अडथळ्यांसकट दर 400 मीटरला सुमारे 65 सेकंद. त्यानंतर पॅरिस ऑलिम्पिकमध्ये या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष ठरला. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावातला हा मुलगा आहे, हे इथल्या प्रत्येक पळणाऱ्याने लक्षात ठेवावं.

पाचवं, स्वतःशी बोला, पण बोलायचं काय ते आधी ठरवून. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सायकलवर केलेल्या एका प्रयोगात, स्वतःला उभारी देणारी वाक्यं निवडून ती वापरायला शिकलेल्या लोकांनी पूर्वीपेक्षा सुमारे 18 टक्के जास्त वेळ तग धरला. वाक्य लहान आणि आपल्या बोलीतलं हवं. ‘दम धर’, ‘हात चालू ठेव’, ‘खांबापर्यंत चल’. मोठमोठी भाषणं दम लागल्यावर आठवत नाहीत.

सहावं, विश्रांतीची दोन मिनिटं. सराव सोडण्याचा निर्णय पळताना क्वचित होतो, तो या दोन मिनिटांत होतो. म्हणून एक नियम पक्का करा: विश्रांतीत निर्णय घ्यायचा नाही. पहिलं अर्धं मिनिट लांब उच्छ्वास सोडायचा, मग चालत राहायचं, शेवटचे दहा सेकंद रेषेवर उभं राहायचं आणि वेळ झाली की निघायचं. निर्णय पळताना घ्यायचा: 400 मीटरच्या राउंडमध्ये 200 मीटरला घड्याळ बघा. जीव लावूनही ठरल्यापेक्षा चार-पाच सेकंद मागे असाल, तर त्या दिवशीचा सराव तिथे संपला, आणि त्यात काही कमीपणा नाही. थांबायचं कारण घड्याळाने द्यावं, मनातल्या कुरकुरीने नाही.

सातवं, सोबत. घटस्थापनेआधी गावोगावच्या मंडळांचे तरुण तुळजापूरला येतात, भवानीमातेची ज्योत पेटवून पळत गावाकडे नेतात. एक जण काही अंतर पळतो, ज्योत दुसऱ्याच्या हातात देतो, टेम्पोत बसून दम खातो आणि पाळी आली की पुन्हा उतरतो. ही रीतसर इंटरव्हलच आहे. एकट्याने पळताना मागे हटणारा मुलगा तिथे हटत नाही, कारण पुढचा हात पुढे करून उभा असतो. सरावालाही तीन-चार जण हवेत, टायमिंग जवळपास सारखं असणारे. राउंडमागे पुढे पळणारा बदलत जा, म्हणजे वेग धरायचं ओझं एकट्यावर येत नाही.

खो-खोतही असाच मेळ असतो. आक्रमक चौकात बसतो, खो मिळाला की उठून जीव खाऊन पळतो, खो देऊन पुन्हा बसतो. संरक्षक तिघांच्या तुकडीने मैदानात येतात. धाराशिव जिल्ह्याच्याच सारिका काळे यांनी 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाचं नेतृत्व केलं आणि 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तुटक तुटक, पण पूर्ण ताकदीने पळण्याची परंपरा या मातीत आधीपासून आहे.

सायकलवाल्यांनाही हेच लागू. धाराशिव बालाघाटच्या रांगांवरचा जिल्हा आहे, चढ शोधत फिरावं लागत नाही. तुळजापूरचा घाट किंवा येडशी-रामलिंगचा चढ घ्या. चार मिनिटं जोरात चढायचं, एवढं की दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये. मग तीन मिनिटं अगदी हलक्या पायाने. असे चार राउंड. चढावर खांब आणि वळणं हेच तुकडे. महामार्गावर ट्रक आणि एसटी सतत असतात, म्हणून उजाडल्यावरच निघा, कडेने राहा आणि उतरताना वेग आवरा. विश्रांती उतारावर घ्यायची आहे, शर्यत लावायची नाही.

वेळ कोणती? भरतीची मुलं दिवसभर लेखीचा अभ्यास करून संध्याकाळी ग्राउंडवर येतात आणि पाय चालत नाहीत म्हणून खचतात. 2009 च्या एका प्रयोगात 90 मिनिटं डोकं लावायचं काम करून सायकलवर बसलेल्या लोकांनी नेहमीपेक्षा लवकर हार मानली. हृदय आणि स्नायू तसेच होते, फक्त कष्ट जास्त वाटत होते. म्हणून इंटरव्हल पहाटे, पुस्तक आणि मोबाइल उघडण्याआधी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर दुसरा पर्यायच नाही. पारा चाळिशीपार जातो आणि सकाळी नऊनंतर असा सराव करणं धोक्याचं आहे.

आठवड्यात दोनच दिवस इंटरव्हल, आणि त्या दोहोंत किमान दोन दिवसांचं अंतर. बाकीचे दिवस बोलता येईल इतकं हळू पळणं, एक दिवस पूर्ण आराम. रोज जीव तोडणाऱ्याची नडगी दुखते, झोप उडते आणि महिनाभरात पळण्याचाच कंटाळा येतो. हुरूप टिकवायचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे पुढच्या वेळी यावंसं वाटेल एवढ्यावर थांबणं. प्रत्येक सरावानंतर सहाही राउंडची वेळ वहीत लिहा. सहा आठवड्यांनी पहिलं पान काढून पाहिलं की कुणी पाठ थोपटायची गरज उरत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. छातीत दुखलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर जिद्दीचा प्रश्नच नाही, तिथल्या तिथे थांबा आणि डॉक्टरकडे जा. 2024 च्या भरतीत धावण्याच्या चाचणीत महाराष्ट्राने तरुण उमेदवार गमावला आहे. सराव सुरू करण्याआधी एकदा तपासणी करून घ्या, ताप असताना पळू नका, आणि टायमिंगसाठी कुणी इंजेक्शन किंवा गोळी देऊ केली तर ती घेऊ नका. तुमचं आजचं टायमिंग, त्याला चारने भागून आलेला वेग आणि एक ‘जर-तर’ आज रात्रीच वहीत लिहून ठेवा. उद्या पहाटे चौथ्या राउंडला त्याचाच उपयोग होईल.