लग्न नको, मग पुढं काय?

लिव्ह-इन म्हटलं, की आपल्याकडच्या बायका तोंडाला पदर लावतात. हे पुण्या-बेंगळूरचं फॅड, बेळगाव-निपाणीकडं असलं कधी नव्हतं म्हणतात. खरंच नव्हतं? मग 'ठेवलेली' हा शब्द कुठून आला? कन्नडमध्येही तीच 'इटकोंडाकी'. एरवी दोन भाषांचं जमत नाही, पण बाईला वस्तूसारखं 'ठेवून' देण्यात दोघींचं एकमत!

लग्नाच्या मोठ्या विधीखेरीज संसार मांडायची सोयही आपल्या अनेक जातींत होती. विधवेचा किंवा टाकलेल्या बाईचा मराठीत 'पाट' लागायचा, कन्नडमध्ये तिची 'उडकी' व्हायची. वाजंत्री नाही, थाट नाही. मान थोडा कमी, पण समाज त्याला संसारच म्हणायचा.

आणि सौंदत्तीची वाट? यल्लम्माला सोडलेल्या मुलीच्या गळ्यात मुत्तु बांधला, की माणसाशी तिचं लग्न व्हायचं नाही. पुरुष यायचा, मुलं व्हायची. पण तो नवरा नव्हे आणि मुलांना त्याचं नावही नाही. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला तिनं बांगड्या फोडायच्या, माघातल्या पुनवेला पुन्हा भरायच्या. जिचं लग्नच झालं नाही तिला दरवर्षी विधवा करायचं! १९८२ च्या कर्नाटकच्या कायद्यानं मुली सोडायला बंदी केली. याला मी लग्नाचा पर्याय म्हणणार नाही. पर्याय आपण निवडायचा असतो. त्या पोरीला कुणी विचारलं होतं?

आजची मुलगी स्वतः निवडते, हा मोठा फरक. मध्यंतरी ओळखीतल्या एका काकूंनी मला बाजूला घेतलं. "मुलगी बेंगळूरला एका मुलाबरोबर राहतीय गं. मंदी एन् अंतार?" मी म्हटलं, काकू, लोकांचं राहू द्या. त्याचं आधी लग्न झालेलं नाही ना, हे विचारलंत का? काकू गप्प. मुलाची जात मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतली होती.

मी उगाच विचारलं नव्हतं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लग्नाविना एकत्र राहणाऱ्या बाईलाही संरक्षण देतो, पण नातं 'लग्नासारखं' हवं. २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या अटी सांगितल्या. दोघं सज्ञान आणि लग्नाला मोकळे हवेत, स्वखुशीनं बराच काळ एकत्र राहिलेले आणि चारचौघांत नवरा-बायकोसारखे वावरणारे हवेत. त्याच निकालात 'कीप' हा इंग्रजी शब्द आला आणि तेव्हाच्या अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी न्यायालयातच त्याला हरकत घेतली. म्हणजे आपली 'ठेवलेली' दिल्लीपर्यंत पोचली होती!

२०१३ चा इंद्रा सरमा खटला तर बेंगळूरचाच. कंपनीत नोकरी करणारी, बिनलग्नाची बाई १९९२ पासून एका विवाहित सहकाऱ्याबरोबर राहिली. नातं तुटल्यावर खालच्या कोर्टानं तिला महिना १८ हजार मंजूर केले. उच्च न्यायालयानं ते रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयानंही दिले नाहीत. त्याचं लग्न झालेलं आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून ते नातं 'लग्नासारखं' ठरलं नाही. इतक्या वर्षांचा संसार, आणि हात रिकामे.

एकट्या राहणारीचे प्रश्न वेगळे. माझी आत्या, साऱ्या गल्लीची आक्का, निपाणीत भावाच्या घरी बिनलग्नाची राहिली. तंबाखूच्या वखारीत राबून तिनं भाचरांच्या फिया भरल्या. रेशनकार्डावर 'यजमानी' मात्र वहिनी. २०२३ मध्ये गृहलक्ष्मीचे दोन हजार सुरू झाले, तेही यजमानीलाच. पलीकडं कागलात २०२४ मध्ये लाडकी बहीण आली. तिच्या पहिल्या यादीत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशा बायका होत्या. घरातली एक अविवाहित बाई मागाहून घेतली. कर्नाटकानं २०१३ मध्ये ४० ते ६४ वयाच्या गरीब अविवाहित आणि घटस्फोटित बायकांसाठी मनस्विनी पेन्शन काढलं होतं, महिना पाचशे. पाचशेत काय येतं म्हणा! पण सरकारी कागदावर बिनलग्नाच्या बाईला तिची स्वतःची ओळ मिळाली.

जमिनीचंही बघा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना वाटा देणारी दुरुस्ती कर्नाटक आणि महाराष्ट्रानं १९९४ मध्येच केली, ती तोवर लग्न न झालेल्या मुलींसाठी. २००५ मध्ये देशभर सगळ्याच मुलींना तो हक्क मिळाला. तरी भावाच्या छपराखाली राहायचं म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या आक्का घरोघरी आहेत.

काकूंना मी आणखी एक सांगितलं. भाडेकरारावर मुलीचं नाव असू दे, आणि पुढं दोघांनी घर घेतलं तर मृत्युपत्रही करू दे. बिनलग्नाच्या जोडीदाराला वारसा कायद्यात जागा नाही. तिथं आई-बाप नि भावंडंच पुढं येतात.

काकूंनी त्याच रात्री फोन केला. मुलगी हसून म्हणाली, "अगं, तो बिनलग्नाचाच आहे, आणि करार माझ्या नावावर आहे. तुझं ऊट आतेन?"