लसूण ठेचल्यावर काय घडते

लसणाच्या अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की उग्र दर्प सुटतो. लसणातली गुणकारी रसायने त्याच क्षणी तयार होऊ लागतात. पाकळीत अ‍ॅलिइन हे गंधकयुक्त संयुग आणि अ‍ॅलिनेज हे विकर वेगवेगळ्या पेशींत साठवलेली असतात. पेशी फुटल्या की दोन्ही एकत्र येतात आणि काही सेकंदांत अ‍ॅलिसिन तयार होते. कीड आणि बुरशीपासून बचावासाठी वनस्पतीने केलेली ही तजवीज आहे. चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन बेली या अमेरिकी संशोधकांनी १९४४ मध्ये अ‍ॅलिसिन वेगळे काढले आणि ते जिवाणूनाशक असल्याचे दाखवले.

अ‍ॅलिसिन टिकाऊ नसते. त्याचे लवकरच इतर गंधकयुक्त संयुगांत रूपांतर होते आणि शरीरात पोचतात ती मुख्यतः ही संयुगे. त्यांतले एक रक्तावाटे फुप्फुसात येऊन श्वासातून बाहेर पडते. म्हणून दात घासले तरी लसणाचा वास तासन्‌तास जात नाही.

ही संयुगे पेशींना किंचित डिवचतात. पेशीत एनआरएफ-२ नावाचे प्रथिन असते. एरवी कीप-१ हे दुसरे प्रथिन त्याला अडकवून ठेवते. गंधकयुक्त संयुगे कीप-१ ला चिकटली की ही पकड सैल होते. मोकळे झालेले एनआरएफ-२ पेशीकेंद्रात जाते आणि घातक द्रव्यांचा निचरा करणारी विकरे बनवणारी जनुके जागी करते. म्हणजे संरक्षणाचे काम पेशीच करते, लसूण फक्त निमित्त होतो. हा परिणाम प्रामुख्याने प्रयोगशाळेतील पेशींवर आणि प्राण्यांवर दिसला आहे. तांबड्या रक्तपेशी याच संयुगांपासून अत्यल्प हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात आणि त्याने रक्तवाहिन्या सैलावतात, असे २००७ मध्ये दिसून आले. अ‍ॅजोईन हे आणखी एक संयुग रक्तबिंबिकांना एकमेकींना चिकटू देत नाही.

हे सारे अ‍ॅलिनेज या विकरावर अवलंबून असते आणि विकर उष्णतेने निकामी होते. अख्खी पाकळी थेट तापल्या तेलात टाकली, तर अ‍ॅलिसिन फारसे तयारच होत नाही. लसूण ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवला आणि मग फोडणीत घातला, तर बराच गुण टिकतो. अख्खी पाकळी पाण्याबरोबर गिळली, तर जठरातले आम्ल विकर निष्प्रभ करते.

लसणाच्या गुणांना मर्यादाही आहेत. उच्च रक्तदाब असलेल्यांचा दाब त्याने काही प्रमाणात उतरल्याचे आढळते. मात्र स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १९२ जणांच्या चाचणीत सहा महिने लसूण किंवा त्याच्या गोळ्या घेणाऱ्यांचे वाईट कोलेस्टेरॉल कमी झाले नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी लसणाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. कच्चा लसूण कातडीवर बांधून ठेवल्यास भाजल्यासारखे फोडही येतात. रोजच्या जेवणातला लसूण बहुतेकांना निर्धोक असतो, पण तो औषधाची जागा घेत नाही.