मृगाआधी पन्हळीकडे बघा

अक्षय्य तृतीया झाली की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात चारचौघांत एकच विषय निघतो. भेंडवळची घटमांडणी यंदा काय म्हणते? जळगाव जामोद तालुक्यातल्या त्या शेतात रात्रभर घट ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाकीत सांगतात. जून कसा, जुलै कसा, कोणतं पीक साधेल. कुणाचा त्यावर विश्वास असतो, कुणाचा नसतो. पण मैत्रिणींनो, पाऊस कमी पडो की जास्त, तो पडणार आपल्याच छपरावर, आणि तिथून खाली उतरणार तो पन्हळीतून. उन्हाळाभर आपण कुरडया-पापड करतो, गहू-डाळींना ऊन दाखवतो, लोणच्याच्या बरण्या भरतो. घराला वळसा घालून, मान वर करून पन्हळ मात्र कुणी बघत नाही. ती दिसते पहिल्या पावसात, धार थेट उंबऱ्यावर पडायला लागली म्हणजे. मग मिस्त्रीची शोधाशोध सुरू होते, आणि त्या आठवड्यात मिस्त्री सगळ्या गावाला हवा असतो.

कुणी तिला पन्हळ म्हणतं, कुणी पनाळ, तर नवे मिस्त्री सरळ ‘गटर’ म्हणतात. टिनाच्या किंवा कवेलूच्या छपराच्या कडेला, पागोळ्या झेलण्यासाठी बसवलेली ती अर्धगोल नळी. माळवदाच्या घरांना अशी लांब पन्हळ नसते, भिंतीतून बाहेर काढलेलं तोंड असतं. ते तोंड भिंतीपासून निदान हातभर पुढे हवं. जुन्या वाड्यांची दगडी तोंडं पाहा, ती उगाच इतकी लांब काढलेली नाहीत.

हे काम मी ‘पुरुषांचं’ मानत नाही, त्याला कारण आहे. शिडीवर कुणीही चढो, पाणी कुठे पडतं आणि कुठली भिंत ओली होते हे दिवसभर घरात असणाऱ्या बाईलाच आधी कळतं. मिस्त्री अर्ध्या तासासाठी येतो, तोही कोरड्या दिवशी. त्याला नेमकं दुखणं सांगता आलं नाही, तर तो दिसेल त्या सांध्यावर डांबर थापून जातो आणि पुढच्या झडीला आपण पुन्हा तिथेच.

थोडं गणित करू या. शाळेत मुलींना मी ते घालते, आणि त्यांना ते फार आवडतं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमचं छप्पर ३० फूट लांब आणि २० फूट रुंद असेल, तर ते सुमारे ५५ चौरस मीटर झालं. त्यावर एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर जवळजवळ १४०० लिटर पाणी. दहा लिटरच्या १४० बादल्या! दोन पाखांचं छप्पर असेल तर एकेका पन्हळीच्या वाट्याला सत्तर बादल्या येतात. त्यातल्या नुसत्या दहा बादल्या एकाच सांध्यातून गळून भिंतीच्या पायथ्याशी पडल्या, तर काय होईल? विटा-सिमेंटची भिंत असली तर ओल चढते, लोणा लागतो, रंगाचे पोपडे सुटतात. भिंत मातीची असली तर तेवढ्यावर थांबत नाही. मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, कुठेही जुन्या वस्तीत गेलात तर मातीच्या भिंतींची घरं अजून नांदती आहेत. अशी भिंत वरून भिजून एकदम पडत नाही. पायथ्याशी महिनाभर पाणी मुरतं, माती मऊ होते, आणि एखाद्या झडीत रात्री ती बसते. आत माणसं झोपलेली असतात.

आपल्याकडे वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटरच पाऊस, कोकणासारखा थोडाच, असं कुणी म्हणेल. वर्षाचा आकडा लहान आहे हे खरं. पण पन्हळीला वर्षाचा पाऊस कळत नाही, तासाचा कळतो. २२ जुलै २०२३ ला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत झालेली अतिवृष्टी कुणी विसरलेलं नाही. तसल्या पावसापुढे कुठलीच पन्हळ पुरत नाही, हेही कबूल. मात्र मे-जूनमधलं वादळ, अर्ध्या तासाचा जोरदार सडाका आणि श्रावणातली झड, एवढं तिने निमूट सोसलंच पाहिजे.

आता दुखणं ओळखायचं कसं? रोहिणी लागायच्या आत एका सकाळी दोन बादल्या पाणी आणि कोळशाचा तुकडा घ्या. आधी पन्हळ साफ करून घ्या, कारण निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. कडुनिंबाची पानगळ फाल्गुन-चैत्रात होते, तो सगळा पाला तिथे साचलेला असतो. त्यात पारव्यांच्या काड्या, कवेलूचे तुकडे, पोरांचा चेंडू. बुलढाणा शहरात आणि अजिंठ्याच्या डोंगराकडच्या गावांत माकडांची त्यात भर. ती छपरावरून उड्या मारतात, कवेलू सरकतात आणि घसरत येऊन पन्हळीत पडतात. तिथे एकदा नव्हे, दोनदा बघावं लागतं. पाला खाली पाइपात ढकलू नका, हाताने वर काढा.

मग उंच टोकाकडून पाणी हळूहळू ओता आणि एकीला खाली उभी करा. पाणी सरळ तोंडापर्यंत वाहत गेलं आणि मागे काही उरलं नाही, तर उतार ठीक आहे. मध्येच थारोळं साचलं, तर पन्हळ तिथे झोळली आहे. खालून थेंब पडला तर भोक किंवा सांधा. पुढच्या काठावरून सांडलं तर पन्हळ तुंबलेली आहे, तिरकी झाली आहे किंवा पाइप अपुरा आहे. आणि मागच्या बाजूने, पन्हळ आणि भिंत यांच्या फटीतून ओघळ आला, तर पत्र्याचा काठ आखूड पडतो आहे. ही शेवटची गळती सर्वांत वाईट, कारण ती दिसत नाही, भिंत मुकाट्याने पीत राहते. छपराचा पत्रा पन्हळीच्या आत दोनेक इंच आलेला हवा. आखूड असेल तर पत्र्याखालून एक वाकवलेली पट्टी सरकवून पाणी आत घेता येतं. पण पत्रा फारच पुढे आलेला असेल, तर जोराच्या पावसात पाणी पन्हळीवरून उडी मारून अंगणात जातं. जिथे जे दिसेल तिथे कोळशाने खूण करा.

झोळलेल्या पन्हळीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मिस्त्रीही तिथे चुकतात. सहा इंच रुंदीची अर्धगोल पन्हळ तुंबून काठोकाठ भरली, की दर दहा फुटांत सुमारे २७ लिटर पाणी राहतं, म्हणजे २७ किलो वजन. आपला भरलेला गॅस सिलिंडर जवळजवळ तेवढ्याच वजनाचा असतो! दर दहा फुटांवर एक सिलिंडर टांगला आहे असं समजा, आणि मग ते तीन गंजके खिळे आठवा. आधी कचरा साचतो, म्हणून पाणी थांबतं. पाण्याच्या वजनाने हूक वाकतो, पन्हळ झोळते, तिथे आणखी गाळ बसतो. सतत ओल राहून पत्रा गंजतो आणि सगळ्यांत शेवटी भोक पडतं. आपण मात्र भोकापासून सुरुवात करतो. भोक बुजवलं आणि झोळ तसाच ठेवला, तर वर्षभरात शेजारी दुसरं पडणारच.

म्हणून आधी उतार. दोन्ही टोकांना खिळे मारून दोरी ताणून बांधा, ती पाइपाच्या बाजूला दर दहा फुटांना पाव ते अर्धा इंच खाली हवी. पन्हळ त्या दोरीच्या रेषेत आणायची. हूक दर दोन फुटांवर एक बसवा. पट्टीचा हूक वाशाला स्क्रूने कसा. साधा खिळा वाऱ्याच्या हिसक्यांनी हळूहळू बाहेर येतो. वाशाचं टोक कुजलं असेल तर त्यात स्क्रू धरणार नाही. लाकडाचा तेवढा तुकडा बदलावा लागतो, आणि या खर्चाला नाही म्हणू नका. तारेने बांधून झोळ वर उचलायची आपली घरगुती युक्ती आठ दिवस चालते, पावसाळाभर नाही.

वाऱ्याचं एक लक्षात ठेवा. तो वरून दाबत नाही, वळचणीत शिरून खालून उचलतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा छपरं कशी उडाली ते आपण पाहिलं. आपल्याकडे चक्रीवादळ तसं पोचत नसलं, तरी मे महिन्यातली वादळं टिनं उडवतातच. तेव्हा हुकावर वरून आडवी पट्टीही घ्या, म्हणजे पन्हळ उचलली जाणार नाही. ज्यांचं घर कोकणात आहे, त्यांना आणखी एक त्रास, खारा वारा लोखंड खातो. तिथे साधे लोखंडी हूक दोन-तीन पावसाळ्यांतच गंजतात. जस्ताचा जाड मुलामा असलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे घेतलेले बरे, आणि पन्हळ पीव्हीसीची.

भोक आणि सांधे आता सोपे. टिनाची पन्हळ असेल तर गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने पूर्ण घासून काढा, पुसा आणि उन्हात चांगली वाळू द्या. ओलीवर काहीच चिकटत नाही. सुईएवढ्या भोकाला एम-सील पुरतं. रुपयाएवढ्या भोकाला पत्र्याचं ठिगळ हवं, ते पत्र्याचं काम करणाऱ्याकडून डाख देऊन लावून घ्या. सांध्यावर सिमेंट लावू नका. ऊन्ह-पावसाने पत्रा आकसतो, पसरतो, सिमेंट तसं करत नाही, म्हणून तडकतं. तिथे रिवेट मारून बाहेरच्या कामासाठी मिळणारं लवचीक सीलंट भरा. मग रेड ऑक्साइडचा हात आणि वर रंग.

पीव्हीसीची पन्हळ गंजत नाही, पण उन्हाने लांबते. हिवाळ्यातली पहाट आणि मलकापूरकडची मे महिन्यातली दुपार यांच्यात दहा फुटी तुकडा सात-आठ मिलिमीटरने वाढतो. सगळे सांधे सोल्यूशनने घट्ट चिकटवले तर ती फुगवटा धरते नाहीतर तडकते. रबर बसवलेला सांधा असेल तो मोकळाच ठेवायचा. आणि जुनी पन्हळ किंवा छप्पर सिमेंटच्या पत्र्याचं, म्हणजे ॲस्बेस्टॉसचं असेल, तर ते कोरडं घासू नका, कापू नका, त्यावर भोकं पाडू नका. ती धूळ फुप्फुसाला घातक असते. त्या पत्र्यावर पायही देऊ नका, पत्रा फुटून माणूस खाली येतो.

शिडी टेकवण्याआधी विजेची तार कुठून आत आली आहे ते बघा. ओल्या जमिनीवर बांबूची शिडी सरकते, एकीने पाय देऊन धरावी. आभाळ गरजायला लागलं की काम अर्धं टाकून खाली यायचं.

एक नाजूक प्रश्न राहिलाच. गल्लीतल्या जुन्या घरांत दोन छपरांच्या मध्ये एकच सामाईक पन्हळ असते. पाणी दोघांचं, गळती मात्र एकाच्या स्वयंपाकघरात! पुरुष मंडळी यावर भर पावसात भांडतात आणि पुढे दोन वर्षं बोलत नाहीत. यात आपणच पुढाकार घ्यावा असं मला वाटतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारीण आली की तिला हाताला धरून ती पन्हळ दाखवावी आणि खर्च निम्मा-निम्मा ठरवून टाकावा. तेव्हा पाऊस नसतो, भिंती कोरड्या असतात, म्हणून आवाजही चढत नाहीत. अशी पन्हळ नेहमीपेक्षा रुंद आणि खोल घ्यावी, तिच्यात दोन पाखांचं पाणी येतं.

पन्हळीचं पाणी शेवटी सोडायचं कुठे? पाइप चार इंची घ्या, दोन इंची पाइप एका पानाने बुजतो. त्याच्या तोंडाशी तारेच्या जाळीचा गोळा ठेवा आणि पाणी जोत्यापासून चार पावलं दूर, फरशीच्या तुकड्यावर पडू द्या. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या मैत्रिणींनी मात्र ते सोडूच नये. पूर्णेच्या खोऱ्यातला तो खारपाणपट्टा, तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, कपडे पिवळे पडतात. नळाचं पाणी आता पुष्कळ गावांत पोचलं आहे, पण ते रोज येतंच असं नाही, आणि छपरावरून येणारं पाणी गोडं असतं. हजार लिटरची टाकी एका इंचाच्या पावसात भरते हे वरच्या गणितावरून दिसलंच. मात्र त्या पन्हळीत डांबर अजिबात वापरू नका. पहिले दोन-तीन पाऊस बाहेर सोडून द्या, छपरावरची धूळ आणि पारव्यांची घाण त्यात असते. मग पाइप टाकीत वळवा, तोंडावर चार पदरी धुतलेलं धोतर बांधा आणि डास शिरणार नाहीत असं झाकण घट्ट बसवा. धुणं-भांडी, डाळ-भात सगळ्याला ते चालतं. पिण्यासाठी घ्यायचं तर उकळूनच घ्या.