मक्याच्या तेलातील वसाम्ले : बीज आणि हवामान

मक्याचा दाणा पाण्यात भिजवून उभा चिरला असता त्याचे दोन भाग स्पष्ट दिसतात. मोठा भाग पिठाचा असून त्यात मुख्यतः स्टार्च साठविलेला असतो. दाण्याच्या टोकाकडील लहान, मऊ भाग म्हणजे अंकुर होय. सामान्य मक्याच्या दाण्यात ४ ते ५ टक्के तेल असते आणि त्यापैकी बहुतेक सर्व या अंकुरातच आढळते. म्हणूनच स्टार्चच्या कारखान्यांत अंकुर वेगळे काढून त्यांपासून तेल मिळवितात.

खाद्यतेल हे ग्लिसरीन आणि वसाम्ले यांच्या संयोगाने बनलेले असते. मक्याच्या तेलातील वसाम्लांत साधारणतः ५५ ते ६० टक्के लिनोलेइक अम्ल, २५ ते ३० टक्के ओलेइक अम्ल व ११ ते १२ टक्के पामिटिक अम्ल असते. ओलेइक आणि लिनोलेइक या दोन्ही अम्लांच्या रेणूंत कार्बनचे १८ अणू असतात; परंतु ओलेइक अम्लात एक द्विबंध असतो, तर लिनोलेइक अम्लात दोन. वनस्पती प्रथम ओलेइक अम्ल तयार करते. मग एक विशिष्ट एंझाइम त्यात दुसरा द्विबंध निर्माण करून त्याचे लिनोलेइक अम्ल बनविते. त्यामुळे एकाचे प्रमाण वाढले की दुसऱ्याचे बहुधा घटते.

हा भेद केवळ रसायनशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा नाही. लिनोलेइक अम्ल मानवी शरीराला स्वतः तयार करता येत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते. काही वसाम्ले आहारात अत्यावश्यक असतात, हे जॉर्ज बर व मिल्ड्रेड बर यांच्या १९२९ मधील उंदरांवरील प्रयोगांनी पुढे आले. उलट, दोन द्विबंध असलेल्या अम्लावर हवेतील ऑक्सिजनची क्रिया त्वरित होते व असे तेल लवकर खवट होते. ओलेइक अम्ल अधिक असलेले तेल साठवणीत आणि तळणीत जास्त टिकते. तेव्हा या अम्लांचे प्रमाण बीजावरून ठरते की शेतातील परिस्थितीवरून, हा प्रश्न व्यवहाराच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

बीजाच्या प्रभावाचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील इलिनॉय राज्यात आढळते. तेथे सिरिल हॉपकिन्स यांनी १८९६ मध्ये १६३ कणसे घेऊन निवडीचा प्रयोग सुरू केला. मूळ मक्यात सुमारे ४.७ टक्के तेल होते. दरवर्षी अधिक तेल असलेल्या कणसांचेच बी पेरीत गेल्यामुळे सुमारे शंभर पिढ्यांनंतर हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास पोहोचले.

हा प्रयोग तेलाच्या प्रमाणाविषयी होता. परंतु तेलाच्या घटनेतही असेच आनुवंशिक भेद आहेत. जेम्स व मार्टिन यांनी १९५२ मध्ये वायु-वर्णलेखनाची पद्धत प्रसिद्ध केल्यावर थोड्याशा तेलातील प्रत्येक वसाम्ल मोजणे शक्य झाले. पुढे निरनिराळे वाण तपासले असता काहींत लिनोलेइक अम्ल जेमतेम २० टक्के, तर काहींत ७० टक्क्यांपर्यंत आढळले. २००८ मध्ये या भेदामागील एक जनुक निश्चित झाले. तेलाचा रेणू पूर्ण करणारे एंझाइम या जनुकामुळे तयार होते. त्या एंझाइमात फेनिलअ‍ॅलनीन या एका अमिनो अम्लाची भर असली की दाण्यातील तेल आणि त्यातील ओलेइक अम्ल ही दोन्ही वाढतात.

येथे परागाचाही विचार करावा लागतो. अंकुर हा माता व पिता या दोहोंपासून निर्माण होतो. म्हणून शेजारच्या शेतातील तुऱ्यांचे पराग वाऱ्याने येऊन कणसावर पडले, तर त्यांचा परिणाम त्याच हंगामातील दाण्यांच्या तेलावर होऊ शकतो.

आता परिस्थितीकडे वळू. एकच वाण थंड आणि उष्ण प्रदेशांत पेरला असता त्याच्या तेलात फरक पडतो. दाणे भरण्याच्या काळात हवा थंड असल्यास लिनोलेइक अम्ल वाढते. हवा उष्ण असल्यास ते घटून ओलेइक अम्ल वाढते. दुसरा द्विबंध निर्माण करण्याचे कार्य उष्णतेत मंदावते, हे त्याचे एक कारण होय. सूर्यफुलासारख्या अन्य तेलबियांतही हाच कल दिसतो. पेरणीची तारीख बदलली की दाणे भरण्याचा काळ बदलतो आणि त्याबरोबर तेलही बदलते.

त्यामुळे निवड करणाऱ्याची फसगत होण्याचा संभव असतो. समजा, एका वाणात ६० टक्के व दुसऱ्यात ५४ टक्के लिनोलेइक अम्ल आढळले; परंतु पहिला थंड आणि दुसरा उष्ण प्रदेशात वाढला होता. एवढ्यावरून पहिल्याचे बी निवडणाऱ्याने कदाचित केवळ त्या वर्षीची थंडी निवडलेली असेल, आणि थंडी काही बियांतून पुढच्या पिढीत उतरत नाही. भारतात मका खरिपात होतो, तसाच रब्बीतही होतो. अशा वेळी निरनिराळ्या हंगामांतील दोन वाणांची तुलना करून त्यांच्या गुणांविषयी निर्णय देणे योग्य ठरणार नाही.

यावर उपाय असा की, अनेक वाण एकाच शेतात, एकाच दिवशी पेरावेत आणि तेच वाण निरनिराळ्या ठिकाणी व निरनिराळ्या वर्षी पुन्हा लावावेत. परागीकरणही नियंत्रित ठेवावे. एका शेतातील वाणांमध्ये जो फरक सर्व ठिकाणी टिकून राहतो, तो बीजाचा. एकाच वाणात ठिकाणपरत्वे जो फरक पडतो, तो परिस्थितीचा. असे दोन्ही हिशेब स्वतंत्रपणे मांडल्यावरच कोणते बी राखून ठेवावे हे विश्वासाने सांगता येते.