मामांच्या ऑर्डर गेल्या कुठे? एका सर्व्हरवर अनेक डोमेन असतील तर ईमेलची वाट कशी ठरते

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात रत्नागिरीहून मामांचा फोन आला. “अरे, यंदा वेबसाइटवरून एकही ऑर्डर नाही. लोकांनी आंबा खायचा सोडला की काय?” मी हसलो, “मामा, सीझन जरा उशिरा असेल,” म्हणालो आणि विषय संपवला.

चार दिवसांनी परत फोन. या वेळी आवाज पडलेला होता. पुण्याच्या एका बाईंनी जावयाच्या जेवणासाठी दोन पेट्यांची ऑर्डर टाकली होती. ‘तुमची ऑर्डर मिळाली’ असं वेबसाइटवर लिहूनही आलं होतं. त्यांनी आठ दिवस वाट बघितली आणि शेवटी मामांना फोन केला, “द्यायचं नव्हतं तर ऑर्डर घेतलीत कशाला?” पेटीत खालच्या थरातसुद्धा बारका आंबा लावत नाहीत म्हणून लोक तीस वर्षं मामांकडे येतात. त्यांना असं कोणी बोललं नव्हतं.

त्या रात्री मी सर्व्हर उघडला. ऑर्डरचे सतरा मेल सापडले. सगळे व्यवस्थित पोचलेले, फक्त अशा पेटीत जी आता कोणीच उघडत नव्हतं. चूक मामांची नव्हती, चूक माझी होती. ती नेमकी काय होती ते आज बघूया. उद्या तुम्ही घरच्या धंद्याला किंवा कॉलेजच्या फेस्टला डोमेन घ्याल, तेव्हा तुमचे सतरा मेल वाचतील.

ॲटच्या उजवीकडे काय असतं?

ईमेल पत्त्यात ॲटच्या डावीकडे माणूस आणि उजवीकडे डोमेन. मेल पाठवणारा सर्व्हर आधी फक्त उजवीकडचा भाग बघतो. तो डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या पत्तेवहीला विचारतो, “या डोमेनचे मेल कोण घेतं?” उत्तरात येतो तो एमएक्स रेकॉर्ड. त्यात मेल घेणाऱ्या सर्व्हरचं नाव असतं आणि एक आकडा असतो. दोन-तीन नावं असतील तर लहान आकडावाल्याचं दार आधी वाजवायचं, तिथे कोणी नसेल तर पुढचं. ही पद्धत १९८६ पासून चालू आहे.

आपल्या पिन कोडसारखंच आहे हे. एकाच नावाची गावं देशभर, त्यात पत्ते वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले. पत्रं भरकटू नयेत म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिन आला. त्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, आपल्या कोकणातले संस्कृत पंडित. पिन बघून पत्र योग्य पोस्टात जातं, पुढे घर शोधायचं काम तिथल्या पोस्टमनचं. एमएक्ससुद्धा मेल सर्व्हरच्या दारापर्यंतच नेतो. आतली वाटणी सर्व्हरने करायची.

एक सर्व्हर, तीन डोमेन

मी महिन्याच्या भाड्याने एक छोटा सर्व्हर घेतलाय. त्यावर तीन डोमेन होती : मामांचं आंब्याचं दुकान, मावशीचा शिवणक्लास आणि माझं स्वतःचं. प्रत्येकाला वेगळा सर्व्हर लागत नाही. तिन्हींचे एमएक्स एकाच नावाकडे वळवले की काम होतं.

मेल वाटायला माझ्याकडे पोस्टफिक्स आहे. वीत्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेलं हे सॉफ्टवेअर १९९८ मध्ये बाहेर आलं आणि आजही भरपूर ठिकाणी चालतं. दारात मेल आला की ते साधारण तीन प्रश्न विचारतं.

१. हे डोमेन माझ्या घरचं आहे का? असेल तर सरळ आतल्या पेटीत टाक.

२. घरचं नाही, पण याचे मेल पुढे पोचवायची जबाबदारी मी घेतली आहे का? असेल तर घे आणि पुढच्या सर्व्हरकडे दे. याला रिले म्हणतात.

३. दोन्ही नाही? मग पाठवणारा आपला आहे का बघ. लॉगिन केलेला माणूस किंवा याच सर्व्हरवरची वेबसाइट असेल तर डीएनएसला एमएक्स विचार आणि मेल बाहेर पाठव. परका असेल तर नकार दे.

तिसऱ्या प्रश्नात ढिलाई केली, तर जगातला कोणीही तुमच्या सर्व्हरवरून कोणालाही मेल पाठवू शकतो. त्याला ओपन रिले म्हणतात. स्पॅम पाठवणारे असे सर्व्हर शोधतच असतात, आणि एकदा तुमचा सर्व्हर काळ्या यादीत गेला की मावशीचे साधे मेलसुद्धा लोकांच्या स्पॅममध्ये पडायला लागतात.

‘घरचं’ म्हणजे दोन प्रकारचं

इथे नवखे हमखास फसतात. पोस्टफिक्समध्ये घरच्या डोमेनच्या वेगवेगळ्या याद्या असतात. ‘मायडेस्टिनेशन’ या यादीत डोमेन टाकलं, तर ते फक्त डावीकडचं नाव बघून सर्व्हरवरच्या त्या नावाच्या युजरला मेल देतं. मग दुकानाचा ‘इन्फो’ आणि क्लासचा ‘इन्फो’ एकच! मामांच्या पेटीत ब्लाऊजच्या मापांची चौकशी येणार.

म्हणून अनेक डोमेन असतील तर ती ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स’ या यादीत टाकायची. तिथे पूर्ण पत्ता बघितला जातो आणि प्रत्येक पत्त्याला वेगळी पेटी मिळते. एकच डोमेन दोन्ही याद्यांत घालायचं नाही. घातलंत तर पोस्टफिक्स लॉगमध्ये तशी वॉर्निंग देतं. ती वाचायची सवय लावा.

मग माझं चुकलं कुठे?

एप्रिलच्या शेवटी मी मामांचे मेल गूगल वर्कस्पेसवर हलवले. मामांना फोनवर जीमेलच सोयीचं पडतं. एमएक्स बदलला, माझ्या फोनवरून टेस्ट मेल टाकला, तो मामांना लगेच मिळाला. झालं काम, असं मी समजलो.

पण वेबसाइट अजून जुन्या सर्व्हरवरच होती. ऑर्डरचा फॉर्म भरला की तिथूनच मामांच्या पत्त्यावर मेल निघायचा आणि तो आधी पोस्टफिक्सच्या हातात पडायचा. पोस्टफिक्सने पहिला प्रश्न विचारला, “हे डोमेन घरचं आहे का?” यादीत मामांचं नाव तसंच होतं, मी काढलंच नव्हतं. उत्तर ‘हो’ आलं, मेल जुन्या पेटीत पडला. एमएक्स विचारायची वेळच आली नाही.

नीट लक्षात घ्या : सर्व्हर जे डोमेन स्वतःचं समजतो, त्याचा एमएक्स तो बघत नाही. बाहेरचं सगळं जग गूगलकडे जात होतं. मावशीने मामांना मेल केला असता तर तोसुद्धा हरवला असता, कारण तिची पेटी त्याच सर्व्हरवर. माझी टेस्ट पास झाली कारण मी बाहेरून मेल पाठवला होता.

यातला सगळ्यात वाईट भाग म्हणजे कुठेही एरर नाही. मेल परत आला असता तर दुसऱ्या दिवशीच कळलं असतं. लॉगमध्ये स्टेटस चक्क ‘सेंट’ होतं. फक्त ‘रिले’ या शब्दापुढे गूगलच्या सर्व्हरचं नाव असायला हवं होतं, तिथे ‘व्हर्च्युअल’ लिहिलेलं होतं.

दुरुस्ती

मामांचं डोमेन यादीतून काढलं, पोस्टफिक्स रीलोड केलं, आता वेबसाइटवरूनच टेस्ट केली. पण ऑर्डरचा मेल अजूनही जुन्या जागी! कारण मी कधीतरी ‘ऑर्डर’ या पत्त्यावरचे मेल माझ्या पेटीतल्या एका फोल्डरकडे वळवणारा उपपत्ता, म्हणजे एलियास, लावून ठेवला होता. पोस्टफिक्सचे व्हर्च्युअल एलियास सगळ्याच पत्त्यांना लागू होतात, डोमेन घरचं असो वा बाहेरचं. तोही काढला, तेव्हा मेल गूगलकडे गेला.

तुमच्याकडे सीपॅनेल असेल तर फाइलमध्ये हात घालायची गरज नाही. तिथे ‘ईमेल राउटिंग’ नावाचं पान असतं. मेल याच सर्व्हरवर घ्यायचे असतील तर ‘लोकल’, गूगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे असतील तर ‘रिमोट’. आपोआप ओळखण्याचाही पर्याय आहे, पण मेल हलवल्यावर तिथे एकदा डोळ्यांनी बघाच.

मेल जातो, पण स्पॅममध्ये का?

वाट सुधारली की पुढचा प्रश्न येतो. दुकानाच्या नावाने आता दोन ठिकाणांहून मेल निघतात, गूगलकडून आणि माझ्या सर्व्हरवरून. समोरच्याला कसं कळणार की दोन्ही खरे आहेत? त्यासाठी डीएनएसमध्ये एसपीएफ रेकॉर्ड असतो. आमच्या डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवू शकतं, त्याची ती यादी. दोन्ही नावं एकाच रेकॉर्डमध्ये लिहायची. दोन वेगळे एसपीएफ रेकॉर्ड केलेत तर तपासणीच फेल होते. सोबत डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, प्रत्येक डोमेनला वेगळी लावा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने या दोन्हींपैकी किमान एक तरी सगळ्यांनाच सक्तीचं केलंय.

आणखी एक मोह टाळा : कॅच-ऑल. म्हणजे डोमेनच्या कुठल्याही पत्त्यावर आलेला मेल एकाच पेटीत घ्यायचा. ऐकायला छान वाटतं, पण स्पॅमचा पूर येतो. शिवाय कोणी पत्ता चुकीचा टाइप केला तर त्याला ‘असा पत्ता नाही’ हे उत्तर मिळतच नाही. परत आलेला मेल त्रास देतो खरा, पण तो खरं सांगतो.

मेल हलवताना एवढं करा

- दोन दिवस आधी एमएक्सचा टीटीएल कमी करा, म्हणजे ३०० सेकंद. जगाला नवा पत्ता लवकर कळतो.
- एमएक्स बदलल्यावर जुन्या सर्व्हरच्या घरच्या यादीतून डोमेन काढा. जुने एलियाससुद्धा.
- टेस्ट तीन बाजूंनी करा : बाहेरच्या जीमेलवरून, वेबसाइटच्या फॉर्मवरून आणि त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या डोमेनवरून.
- जुनी पेटी लगेच डिलीट करू नका. महिनाभर रोज उघडून बघा.

एमएक्स बघायला लॅपटॉपही लागत नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये गूगल ॲडमिन टूलबॉक्सचं ‘डिग’ उघडा, तुमच्या कॉलेजचं डोमेन टाका, एमएक्स दाबा. नावात गूगल दिसलं तर मेल जीमेलवाल्यांकडे, आउटलुक दिसलं तर मायक्रोसॉफ्टकडे.

त्या रात्री मी सतराही ऑर्डर मामांना व्हॉट्सॲपवर पाठवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेकाला स्वतः फोन केले. अकरा जणांनी पेट्या घेतल्या, बाकीच्यांनी दुसरीकडून घेतल्या होत्या. पुण्याच्या बाईंकडे मामांनी दोन पेट्या पाठवल्या, पैसे घेतले नाहीत. मी म्हटलं, “मामा, त्याचे पैसे मी देतो, चूक माझी आहे.” ते म्हणाले, “पैशाचं सोड रे. आंबा नासला तर वास येतो, कळतं तरी. हे तर कळलंच नाही.”

आता दर सोमवारी सकाळी मी मामांच्या वेबसाइटवरून एक खोटी ऑर्डर टाकतो. मेल मिळाला की मामा अंगठा पाठवतात. अंगठा आला नाही, तर मी चहा बाजूला ठेवून आधी लॉग उघडतो.